गुंठाभर अंगण आणि लिटरची बाटली

"बंगल्याभोवती गवत माजलंय, कोणतं औषध मारू?"

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या कृषी सेवा केंद्रांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. विचारणारा शेतकरी असतोच असे नाही. पाथर्डी फाट्याला रो-हाऊस घेतलेले, म्हसरूळला निवृत्तीनंतर बंगला बांधलेले किंवा आडगावच्या बाजूला प्लॉट घेऊन ठेवलेले कुटुंब असते. पावसाने आठ दिवस उघडीप दिली नाही की कंपाउंडच्या आत गुडघाभर तण होते, सापाकिरड्याची भीती वाटू लागते. दुकानदार एक लिटरची बाटली काढतो, "पंपाला शंभर मिली टाका" असे सांगतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

एवढ्या माहितीवर तणनाशक घरात आणू नये. कोणते तण, कोणते औषध, किती जागेला किती, कोणत्या वेळी आणि उरलेले ठेवायचे कुठे, या पाच गोष्टी कळल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडूच नये. त्यांतही शेवटची सर्वांत महत्त्वाची. फवारणी तासाभरात आटोपते, उरलेली बाटली मात्र वर्षानुवर्षे घरात राहते. या प्रकरणात आपण पाचही गोष्टी एकेक करून पाहू.

१. आधी तणाची ओळख

अंगणातली तणे ढोबळमानाने दोन गटांत बसतात. एक गट दरवर्षी बियांपासून उगवून त्याच हंगामात मरणाऱ्यांचा: गाजरगवत, माठ, घोळ, टाकळा. दुसरा गट वर्षानुवर्षे जमिनीखाली टिकून राहणाऱ्यांचा: हराळी आणि लव्हाळा.

पहिल्या गटाचे बळ बियांत असते. गाजरगवताचे उदाहरण घ्या. मूळ अमेरिका खंडातले हे तण 1950च्या दशकाच्या मध्यात पुण्यात आढळल्याची नोंद आहे आणि आयात गव्हाबरोबर ते आले असे मानले जाते. आज देशात असा जिल्हा शोधावा लागेल जिथे ते नाही. एकेक झाड हजारो बिया टाकते. पांढरी फुले यायच्या आत ते उपटले, तर पुढच्या वर्षीचा मोठा त्रास वाचतो. फुले आल्यावर उपटून कंपाउंडबाहेर फेकले, तर आपण बी पेरले असे समजावे. त्याच्या संपर्काने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते, परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रासही होतो. म्हणून ते उघड्या हाताने कधीच उपटू नये.

दुसऱ्या गटाचे बळ जमिनीखाली असते. लव्हाळ्याचे एक रोप खुरप्याने अलगद खणून पाहा. पातळ दोऱ्यासारख्या मुळीच्या टोकाला काळपट, हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी गाठ सापडेल. तिच्यापासून दुसरी मुळी निघालेली असते आणि तिच्या टोकाला आणखी एक गाठ. वरचे पाते ओढले की ते तुटून हातात येते, गाठ खालीच राहते आणि काही दिवसांत नवे पाते वर येते. हराळीही तशीच. तिच्या जमिनीखालच्या आणि वर पसरणाऱ्या कांड्यांचा प्रत्येक पेरा नवे रोप देऊ शकतो. कुदळीने तुकडे केले तर हराळी कमी होण्याऐवजी वाढते.

ही ओळख पटली की अर्धा निर्णय झाला. बियांवर जगणाऱ्या तणाला वेळेवर हात घातला, तर बहुधा औषधाची गरज पडत नाही. प्रश्न खरा अवघड होतो तो लव्हाळा-हराळीपाशी.

२. औषध रोपाच्या आत काय करते

तणनाशके दोन पद्धतींनी काम करतात. काही जिथे पडतात तेवढाच भाग जाळतात, त्यांना स्पर्शजन्य म्हणतात. काही पानांतून आत शिरून मुळापर्यंत पोचतात, ती आंतरप्रवाही.

आंतरप्रवाही औषधाचा प्रवास समजायला मुंबईच्या डबेवाल्याची आठवण करावी. रोपाचे स्वयंपाकघर म्हणजे पान. सूर्यप्रकाशात तिथे साखर तयार होते आणि ती जमिनीखालच्या मुळ्यांना, गाठींना पोचवली जाते. औषध पानावर पडले की याच डब्यात बसून खाली जाते. गाठीला वाटते जेवण आले, आणि येते विष.

या एका चित्रातून बरेच नियम आपोआप निघतात. पान हिरवे आणि वाढते असले पाहिजे, उन्हाने करपलेल्या गवताचे स्वयंपाकघर बंद असते. फवारणीआधी गवत कापू नये, कारण पानच नसेल तर औषध शिरणार कोठून? फवारल्यावर दुसऱ्याच दिवशी उपटू नये, डबा पोचायला वेळ लागतो. पानांवर धूळ किंवा चिखल नसावा. आणि परिणाम दिसायला आठवडा ते पंधरा दिवस लागतात. चार दिवसांत गवत पिवळे पडले नाही म्हणून पुन्हा फवारणारे लोक औषध, पैसा आणि जमीन तिन्ही वाया घालवतात.

३. चार नावे, चार स्वभाव

बाजारात नावे पुष्कळ असली तरी घरमालकाच्या कानावर प्रामुख्याने चार पडतात. बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतल्या व्यापारी नावाऐवजी खालचे बारीक अक्षरांतले रासायनिक नाव वाचावे.

ग्लायफोसेट. जॉन फ्रांझ या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मॉन्सँटो कंपनीत 1970 साली याचा तणनाशक गुण शोधला आणि 1974 पासून ते 'राउंडअप' नावाने विकले जाऊ लागले. ते आंतरप्रवाही आहे आणि निवड करत नाही. हराळी मारते, तसे गुलाबही मारते. वनस्पतींना काही आवश्यक अमिनो आम्ले तयार करण्यासाठी जे विकर लागते, त्याचे काम ते बंद पाडते. हे विकर माणसाच्या शरीरात नसते, म्हणून एके काळी हे औषध निर्धोक मानले गेले. मात्र बाटलीत नुसते ग्लायफोसेट नसते. ते पानाला चिकटावे म्हणून साबणासारखे पदार्थ मिसळलेले असतात आणि त्यांतले काही मासे व बेडकांना घातक ठरतात.

कर्करोगाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत याच्या उलट आहे आणि युरोपीय संघाने 2023 साली त्याच्या वापराला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. या मतभेदाचे एक कारण प्रश्नातच आहे. पहिली संस्था पाहते की या पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता आहे का. दुसऱ्या पाहतात की नेहमीच्या वापरात जेवढा संपर्क येतो, तेवढ्याने तो घडेल का. घरातल्या माणसाने दोन्ही उत्तरांतून एकच धडा घ्यावा, तो म्हणजे संपर्क होता होईल तेवढा कमी ठेवणे.

भारतात ग्लायफोसेटला चहामळे आणि पीक नसलेली जागा यांसाठी मान्यता होती. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने आदेश काढून त्याचा वापर कीडनियंत्रण सेवा देणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. या आदेशाला उत्पादकांनी आव्हानही दिले. त्यामुळे खरेदीआधी आज कोणता नियम लागू आहे, हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

टू-फोर-डी. 1940च्या दशकापासून वापरात असलेले हे औषध रुंद पानांची तणे मारते आणि गवतवर्गीयांना सहसा सोडते. म्हणून लॉनमधले गाजरगवत मारण्यासाठी ते सुचवले जाते. नाशिकमध्ये मात्र त्याच्याविषयी विशेष सावध राहावे लागते. त्याचे कारण पुढे सहाव्या भागात येईल.

पॅराक्वाट. हे स्पर्शजन्य आहे. उन्हात काही तासांत पाने करपतात आणि पाहणाऱ्याला समाधान वाटते. पण ते मुळापर्यंत जात नाही, त्यामुळे लव्हाळा पुन्हा उगवतो. शिवाय पोटात गेल्यास त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे. घराच्या आवारासाठी हे औषध आणूच नये, कितीही स्वस्त मिळाले तरी.

पेंडिमिथॅलिन. हे उगवून आलेल्या तणावर चालत नाही. ते ओलसर जमिनीवर मारतात आणि ते उगवू पाहणाऱ्या बियांना रोखते. कांद्याच्या शेतीत त्याचा वापर आहे. ज्या अंगणात आज गुडघाभर तण उभे आहे, तिथे त्याचा उपयोग नाही.

४. औषध लागणार आहे का?

हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायचा. फक्त पेव्हर ब्लॉकच्या फटींत गवत येत असेल, तर उकळते पाणी दोन-तीनदा ओतले की कोवळी तणे मरतात. नंतर फटी वाळू-सिमेंटने भरल्या की वर्षभराची निश्चिंती. झाडांच्या आळ्यांत पालापाचोळ्याचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटे जाड थर दिला, तर बियांना उजेड मिळत नाही. पावसाने जमीन मऊ झालेली असताना खुरप्याने मुळासकट काढलेले गाजरगवत पुन्हा येत नाही. नाशिकच्या काळ्या जमिनीत तर हे काम पावसाच्या उघडिपीतच करावे. जमीन सुकली की ती दगडासारखी होते आणि रोप मुळाशी तुटते.

मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत असेल, तर त्याच्या पानांवर पिवळसर अंगावर काळ्या रेषा असलेले छोटे भुंगेरे दिसतात का, ते पाहावे. हे मेक्सिकन भुंगेरे. गाजरगवत खाऊन फस्त करावे म्हणून ते 1983 साली मेक्सिकोहून आणले गेले आणि पुढच्या वर्षी बंगळुरूत सोडले गेले. पावसाळ्यात ते झपाट्याने वाढतात. ते कामाला लागले असतील तिथे औषध मारून त्यांचे अन्न संपवू नये. गाजरगवताच्या जागी टाकळा वाढू दिला, तर तोही त्याला दाबतो.

आणखी एक उपाय लोक सुचवतात, तो म्हणजे मिठाचे दाट पाणी. त्याने पाने करपतात हे खरे, पण मीठ जमिनीतच राहते आणि तिथे पुढे काहीच नीट वाढत नाही. डिझेल किंवा वापरलेले ऑइल ओतणे तर जमीन आणि विहीर दोन्ही नासवणे आहे.

एवढे करूनही हराळी किंवा लव्हाळा हटत नसेल, कंपाउंडच्या भिंतीत सुबाभूळ किंवा पिंपळ रुजला असेल, तरच पुढचे भाग तुमच्यासाठी आहेत.

५. हेक्टरचा हिशेब गुंठ्यावर

औषधाच्या माहितीपत्रकावरचे प्रमाण शेतीसाठी लिहिलेले असते आणि ते हेक्टरी असते. आपल्याला हवा असतो गुंठ्याचा आकडा. इथे एक सोय आहे. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट किंवा सुमारे 101 चौरस मीटर. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. तेव्हा हेक्टरी आकड्याला 100ने भागले की गुंठ्याचा आकडा मिळतो.

समजा, माहितीपत्रकावर हेक्टरी 3 लिटर औषध आणि 450 लिटर पाणी असे लिहिले आहे. मग गुंठ्याला 30 मिली औषध आणि साडेचार लिटर पाणी.

आता खऱ्या घराचा हिशेब करू. प्लॉट 3,000 चौरस फुटांचा आहे. बांधकाम 1,400 चौरस फूट, फरशी आणि पार्किंग 800. उरली 800 चौरस फूट माती, तिच्यात अर्ध्या जागेत फुलझाडे. औषध मारायची जागा 400 चौरस फूट. ही झाली सुमारे 0.37 गुंठा. लागणारे औषध 11 मिली, पाणी सुमारे 1.7 लिटर.

एक लिटरची बाटली अशा अंगणाला नव्वद वेळा पुरेल. वर्षातून दोनदा फवारले तरी पंचेचाळीस वर्षे. बाटलीवरची मुदत साधारण दोन वर्षांची असते. म्हणजे आपण जे विकत घेतो, त्यातले जवळजवळ सगळे मुदत संपलेले विष म्हणून घरात पडून राहणार. म्हणून अंगण आधी टेपने मोजावे आणि मगच दुकानात जावे. लहान पॅक मागावे, मिळत नसेल तर शेजाऱ्यांबरोबर मिळून घ्यावे.

'पंपाला शंभर मिली' या सल्ल्यातली मेखही आता कळेल. शेतकऱ्याच्या मनातला पंप पाठीवरचा, 15-16 लिटरचा असतो. घरातल्या माणसाकडे असतो 5 लिटरचा हातपंप. त्यात शंभर मिली टाकले, तर द्रावण तिप्पट तीव्र होते. तीव्र द्रावणाने तण जास्त मरते हा समजही चुकीचा आहे. पान लगेच करपले, तर औषध मुळापर्यंत जाण्याचा रस्ताच बंद होतो.

फवारणीआधी पंपात नुसते पाणी घेऊन तेवढीच जागा ओली करून पाहावी. आपल्या चालण्याच्या वेगाने दोन लिटर पाणी लागले, तर 11 मिली औषध दोन लिटरात मिसळावे. जागेनुसार औषध ठरलेले असते, पाणी थोडे कमी-जास्त चालते. मोजण्यासाठी बिनसुईची सिरिंज किंवा मोजपात्र घ्यावे आणि त्यावर 'विष' असे लिहून ते औषधाबरोबरच ठेवावे. घरातला चमचा किंवा औषधाच्या बाटलीचे झाकण या कामाला कधीच वापरू नये.

पाण्याचाही विचार करावा. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटते, त्यामुळे गढूळ पाण्यात ते निकामी होते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्यातले कॅल्शियमही त्याला बांधून ठेवते. नळाचे स्वच्छ पाणी सर्वांत बरे.

६. फवारणीची सकाळ

वेळ सकाळची, दव सुकल्यानंतरची, मंद वाऱ्याची. पुढचे सहा तास तरी पाऊस नको. दुपारच्या वाऱ्यात फवारलेले थेंब आपल्या अंगणात राहत नाहीत.

नाशिकमध्ये हा मुद्दा शेजारधर्माचा आहे. मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ या भागांत बंगल्यांच्या रांगेला लागूनच द्राक्षबागा आहेत. गिरणाऱ्याकडे टोमॅटो आहे. द्राक्षवेल आणि टोमॅटो ही दोन्ही पिके टू-फोर-डीला अत्यंत हळवी. वाऱ्याबरोबर उडालेला अगदी बारीक तुषार पुरतो. वेलीचे कोवळे पान मग नेहमीसारखे पसरत नाही. ते हातपंख्यासारखे आखडते, शिरा एकमेकींजवळ सरकतात, कडेचे दाते टोकदार होतात, शेंडा पिळवटतो. या औषधाच्या एस्टर प्रकाराची तर वाफही होते. फवारणी झाल्यावर, दुपारी तापलेल्या जमिनीवरून ती उठते आणि दूरवर जाते.

नाशिकचे द्राक्षबागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून फळछाटणी. दोन्हींनंतर बाग कोवळ्या फुटव्यांनी भरते. नेमके पावसाळा सरताना, ऑक्टोबरात, बंगलेवालेही अंगण साफ करायला घेतात. जवळ बाग असेल, तर टू-फोर-डी वापरू नये, हा साधा नियम पाळावा. एका बाटलीच्या तुषाराने शेजाऱ्याचा हंगाम जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट सणांची. ज्या हराळीचा आपण तण म्हणून वैताग करतो, तिच्याच कोवळ्या त्रिदळांना दूर्वा म्हणून गणपतीच्या दिवसांत घरोघरी मान असतो. मुले आणि बायाबापड्या मोकळ्या प्लॉटवरून दूर्वा, आघाडा, पत्री खुडून नेतात. श्रावणात घोळ, टाकळा, कुर्डूच्या भाज्या खुडणाऱ्या बायका फिरतात. फवारलेले गवत पहिले आठ दिवस हिरवेच दिसते, त्यांना कळणार कसे? म्हणून गणेशोत्सवाच्या आधीचे तीन आठवडे मोकळ्या जागेवर औषध मारू नये. इतर वेळी फवारले, तर ठळक मराठी पाटी लावावी: 'औषध मारले आहे. दूर्वा, भाजी, चारा घेऊ नये.' मोकाट गुरे येत असतील, तर दोरी बांधावी.

फवारताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे झाकणारी पँट, गमबूट, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क घालावा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. औषधे तणाची नव्हती, पण कारणे आपल्यालाही लागू आहेत: संरक्षक कपडे नव्हते आणि औषधे एकमेकांत मिसळली गेली होती. माळीकाकांना काम सांगितले असेल, तर त्यांना हातमोजे-चष्मा देणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. ते नको म्हणाले तरीही आग्रह धरावा.

थोड्या जागेसाठी फवारणीपेक्षा लेप बरा. भिंतीत रुजलेला पिंपळ किंवा सुबाभूळ बुंध्याशी कापून, लगेच ताज्या कापावर ब्रशने माहितीपत्रकाप्रमाणे औषध लावावे. थेंब उडत नाहीत, औषधही मोजकेच लागते.

७. उरलेली बाटली

पहिला नियम: औषध मूळ बाटलीतच ठेवायचे. थम्सअपच्या बाटलीत, पाण्याच्या बिसलेरीत किंवा लोणच्याच्या बरणीत ओतलेले औषध म्हणजे घरात ठेवलेला अपघात. तहानलेले मूल लेबल वाचत नाही, आणि त्या बाटलीवर लेबलही नसते.

मूळ लेबलवर एका कोपऱ्यावर उभा असलेला रंगीत चौकोन असतो. कीटकनाशक कायदा 1968 सालचा आणि त्याचे नियम 1971चे, त्यांनुसार तो छापणे बंधनकारक आहे. चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर अत्यंत विषारी, पिवळा असेल तर अति विषारी, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य विषारी. पण रंगावर फार विसंबू नये. हा क्रम उंदरांना किती मात्रा घातक ठरते यावरून ठरतो. उतारा नसलेले पॅराक्वाटही लाल गटात नसून पिवळ्यात येते.

दुसरा नियम कुलपाचा. जमिनीपासून उंच, मुलांचा हात पोचणार नाही असे लोखंडी किंवा प्लॅस्टिकचे कपाट, त्याला कुलूप आणि किल्ली घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे. जिन्याखालची मोकळी जागा, स्वयंपाकघराचा ओटा, धान्याची कोठी, पाण्याच्या टाकीशेजारची खोली या जागा बाद. कपाट उन्हात नको, गळतीच्या भिंतीला नको. पावडर वरच्या फळीवर, द्रव खालच्या फळीवर, म्हणजे बाटली गळली तरी पावडर भिजत नाही. बाटली ट्रेमध्ये उभी ठेवावी आणि खाली कोरडी वाळू पसरावी. बियाणे, खते आणि कीटकनाशके वेगळ्या जागी ठेवावीत. टू-फोर-डीची वाफ बियाणालाही बाधते.

तिसरा नियम पंपाचा. तणनाशकाचा पंप वेगळा असावा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे. जाणते बागायतदार तणनाशकाचा पंप द्राक्षाला लावू देत नाहीत. धुतलेल्या पंपात उरलेला अंशही वेल बिघडवतो. तुमच्या गुलाबांचे आणि जास्वंदीचेही तेच होईल.

चौथा नियम उरलेल्या द्रावणाचा. हिशेब नीट केला तर द्रावण उरत नाही. उरलेच, तर पाणी घालून त्याच तणाच्या जागेवर फवारून टाकावे. मोरीत, गटारात किंवा पावसाळी नाल्यात ओतू नये. नाशिकमध्ये हे नाले नासर्डी आणि वाघाडीमार्गे गोदावरीला मिळतात. त्याच गोदावरीवर खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, राज्यातील पहिले रामसर पाणथळ क्षेत्र. तिथले मासे आणि पक्षी आपल्या मोरीशी असे जोडलेले आहेत.

बाटली रिकामी झाली की तीनदा विसळावी, विसळलेले पाणी पंपातच घ्यावे आणि फवारावे. मग बाटलीला भोके पाडावीत, म्हणजे कुणी ती पाण्याला वापरणार नाही. ती जाळू नये. घंटागाडीत नेहमीच्या कचऱ्यात न टाकता, घातक घरगुती कचरा म्हणून वेगळी बांधून, वर लिहून द्यावी. मुदत संपलेले औषध विक्रेत्याला परत घेण्याची विनंती करावी. म्हणूनच खरेदीच्या वेळी पक्के बिल घेऊन ते जपून ठेवावे.

८. अंगावर किंवा पोटात गेले तर

कातडीवर सांडले, तर कपडे लगेच काढून साबण आणि भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले, तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे डोळे उघडे धरावेत. पोटात गेले असेल, तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी, तूप, दूध असे घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली लेबलसह रुग्णालयात न्यावी. डॉक्टरांना उपचार ठरवायला व्यापारी नावापेक्षा रासायनिक नाव उपयोगी पडते. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा निःशुल्क क्रमांक कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावा. रुग्णाला त्या क्षणी बरे वाटत असले तरी दवाखाना टाळू नये. काही विषांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो.

९. एकट्याच्या अंगणापेक्षा कॉलनीचा बेत

तण कंपाउंड मानत नाही. आपण अंगण साफ केले आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत फुलले, तर पुढच्या पावसाळ्यात ते बी आपल्याकडेच येणार. त्यामुळे वर्षाचा बेत कॉलनीने मिळून आखणे शहाणपणाचे. जूनमधल्या पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर, गाजरगवत वीतभर असतानाच, हातमोजे घालून उपटणी करावी. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने देशभर 16 ते 22 ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. ही तारीख फुले येण्याच्या ऐन काळातली असल्याने दुसऱ्या उपटणीला सोयीची. पावसाळा सरल्यावर आच्छादन आणि फटी भरण्याचे काम काढावे.

एवढ्यावरही लव्हाळा आणि हराळी हटत नसतील, तर चाळीस घरांनी मिळून परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकाला एका सकाळी बोलवावे. पाचव्या भागातल्या हिशेबाने घरटी 11 मिली धरले, तर चाळीस घरांना 440 मिली औषध लागते, म्हणजे अर्ध्या लिटरची एक बाटली. ती त्याच दिवशी जवळजवळ संपते, उरलेसुरले औषध आणि बाटली तोच घेऊन जातो आणि चाळीसपैकी एकाही घराला विष ठेवायला कपाट लागत नाही.